घर स्वतः विकायचं की एजंटमार्फत? जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घरमालकांसाठी पायरी-पायरीने

घर विकायला काढलं की घरात पहिली चर्चा होते दलालीची. "दोन टक्के कशाला घालवायचे, आपणच विकू," असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "कटकट नको, एजंटला देऊन टाका, तो बघून घेईल." दोघांचंही थोडं चुकतं. एजंट गिऱ्हाईक आणतो आणि भावावर बोलणी करतो, त्यापुढचं काम त्याचं नसतं. तुमच्या नावाची नोंद बरोबर आहे का, बहिणींची संमती आहे का, पैसे खात्यात आले का, हे एजंट असला तरी तुम्हालाच बघावं लागतं. म्हणून एजंट हवा की नको हे ठरवण्याआधी कागद नीट करा. त्यानंतर निर्णय बराच सोपा होतो.

१. दलालीचा हिशेब रुपयांत मांडा

आपल्याकडे सर्वसाधारणपणे विकणाऱ्याकडून एक ते दोन टक्के आणि घेणाऱ्याकडूनही तितकीच दलाली घेतली जाते. ४५ लाखांचं घर असेल तर तुमच्या बाजूचे ४५,००० ते ९०,००० रुपये होतात. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के वेगळे, म्हणजे दोन टक्क्यांचे १,०६,२०० रुपये.

घेणाऱ्याचाही हिशेब मांडून बघा, कारण शेवटी भाव त्याच्या खिशावर ठरतो. जळगाव किंवा धुळे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि अधिभार १ टक्का, असे ६ टक्के लागतात. ४५ लाखांवर ते २,७०,००० रुपये होतात. नोंदणी फी १ टक्का असली तरी ३०,००० च्या वर जात नाही. म्हणजे ४५ लाखांचं घर त्याला ४८ लाखांना पडतं, आणि दलाली वेगळी. ग्रामपंचायत हद्दीत दर कमी असतो, त्यामुळे खरेदीच्या आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या गणकात आकडा तपासा.

इथे एक गोष्ट अनेकदा कोणी सांगत नाही. राहतं घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही. ४५ लाखांच्या घरावर गिऱ्हाईकाचे ४५,००० वाचतात. भाव ४०-५० हजारांवर अडला असेल तर ही माहिती देऊन सौदा मोकळा होऊ शकतो.

२. कोणत्या घराला एजंट लागतो

खान्देशातल्या बऱ्याच घरांचं गिऱ्हाईक जवळच असतं: त्याच कॉलनीतला भाडेकरू, शेजारचा प्लॉट हवा असलेला शेजारी, मुलाच्या लग्नाआधी जागा वाढवणारं कुटुंब, भुसावळला रेल्वेतून किंवा वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त होऊन इथेच थांबायचं ठरवलेला माणूस. अशा वस्तीतलं रो-हाऊस किंवा प्लॉटवरचं स्वतंत्र घर असेल, तुम्ही त्याच गावात राहत असाल आणि कागद स्वच्छ असतील, तर पहिले ४५ ते ६० दिवस स्वतः विकून बघा.

एजंट लागतो तो पुढच्या परिस्थितींत. तुम्ही पुण्यात, सुरतेत किंवा परदेशात राहता आणि घर दाखवायला इथे कोणी नाही. एकाच अपार्टमेंटमध्ये पाच-सहा फ्लॅट एकाच वेळी विक्रीला आहेत. घर व्यापारी पेठेत आहे आणि गिऱ्हाईक बाहेरगावचा व्यापारी असणार आहे. किंवा घेणारा नात्यातला आहे आणि समोरासमोर भाव बोलणं दोघांनाही जड जातंय. या शेवटच्या कारणाकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, पण नात्यातला सौदा भावाच्या बोलण्यावरच मोडतो, आणि तिथे मधला माणूस उपयोगी पडतो.

३. कागद जाहिरातीच्या आधी

हे काम सगळ्यात जास्त वेळ खातं. बयाणा घेऊन मग कागद गोळा करायला गेलात तर मुदत संपते आणि घेणारा भाव पाडतो.

तुमचं घर कोणत्या नोंदीवर आहे ते आधी ओळखा, कारण कागद त्याप्रमाणे बदलतात.

- सिटी सर्व्हे झालेला भाग: मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड). त्यावर तुमचं नाव आणि क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. खरेदीखतातलं क्षेत्र आणि पत्रकावरचं क्षेत्र जुळतं का, ते कॅल्क्युलेटर घेऊन बघा.
- शहराबाहेरच्या नव्या कॉलन्या: गट नंबर आणि प्लॉट नंबरचा सातबारा, बिगरशेती (एन.ए.) आदेश आणि मंजूर रेखांकन म्हणजे ले-आऊट. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो.
- गावठाणातलं घर: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. हा मुळात करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा म्हणून तो एकटा पुरत नाही. सोबत जुनं खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसनोंद लागते. निव्वळ नमुना ८ वर अनेक बँका कर्ज देत नाहीत, त्यामुळे अशा घराचं गिऱ्हाईक बहुधा रोकड जवळ असलेलंच असतं. भावाची अपेक्षा त्या अंदाजाने ठेवा.

यांशिवाय सगळ्यांनाच लागणारी यादी:

- तुमचं मूळ नोंदणीकृत खरेदीखत आणि सूची क्र. २ (इंडेक्स टू)
- त्याआधीच्या मालकांची खरेदीखतं, जितकी मागे जाता येतील तितकी. घेणाऱ्याचा वकील साधारण ३० वर्षांचा शोध घेतो.
- बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला
- घरपट्टी आणि पाणीपट्टी चालू वर्षापर्यंत भरल्याच्या पावत्या
- महावितरणचं शेवटचं बिल
- घरावर कर्ज असेल तर बँकेचं थकबाकी पत्र. कर्ज फिटलं असेल तर बेबाकी दाखला आणि बोजा कमी केल्याची नोंद
- सर्व मालकांचं पॅन, आधार
- फ्लॅट असेल तर सोसायटीचं भाग प्रमाणपत्र आणि मेंटेनन्सचा बेबाकी दाखला

कर्ज फिटलंय पण बोजा सातबाऱ्यावर तसाच, ही चूक फार घरांत सापडते. बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात बोजा कमी करायचा अर्ज आजच द्या, फेरफार मंजूर व्हायला दिवस लागतात. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

*वारसा हक्काचं घर.* वडील गेले, उताऱ्यावर तिन्ही भावांची नावं लागली, पण बहिणींची राहिली, असं असेल तर सौदा इथेच अडकतो. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर मुलगी मुलाइतकीच वारस असते. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. बहिणींनी तोंडी "आम्हाला काही नको" म्हटलेलं चालत नाही. एकतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्याही सह्या घ्या. बहीण लांब असेल तर तिच्याकडून नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घ्यावं लागेल. आणि बहिणीला तिचा वाटा हवा असेल तर तो सौद्याच्या आधी ठरवा, बयाणा घेतल्यावर नको. वारसांत अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल असेल तर त्याच्या वाट्याच्या विक्रीला न्यायालयाची परवानगी लागते का, ते वकिलाकडून आधीच समजून घ्या. ही परवानगी मिळायला महिने जातात.

*जमिनीचा प्रकार.* सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असं लिहिलं असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. धरणग्रस्तांना मिळालेल्या पुनर्वसनाच्या प्लॉटांवरही अनेकदा हस्तांतरणाची अट असते, मूळ वाटप आदेश वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंदुरबार जिल्हा, धुळ्यातले साक्री-शिरपूर आणि जळगावातले चोपडा, यावल, रावेर या भागांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि तीही शासनाच्या मान्यतेने. "पन्नास वर्षांपासून आमचाच ताबा आहे" याने ही अट सुटत नाही. परवानगीशिवायचा व्यवहार नंतर रद्द होऊन जमीन परत जाऊ शकते.

*गुंठ्यांवर पडलेले प्लॉट.* शेतात एन.ए. न करता एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेली वस्ती असेल तर तुमचं बांधकाम गुंठेवारी कायदा २००१ खाली नियमित होतं का, ते महापालिकेत किंवा नगरपालिकेत जाऊन विचारा. गुंठेवारी प्रमाणपत्र हातात असलेलं घर आणि नसलेलं घर यांच्या भावात मोठा फरक पडतो.

४. भाव कसा काढायचा

शेजाऱ्याने सांगितलेला आकडा धरू नका. त्याने "अमक्याचं घर पन्नासला गेलं" म्हटलं तरी ते प्लॉटचं क्षेत्र आणि बांधकामाचं वय सांगत नाही.

तीन आकडे काढा. पहिला, शासकीय वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, तुमच्या घराचं मूल्य. दुसरा, तुमच्याच भागात गेल्या वर्ष-दीड वर्षात नोंदलेल्या खरेदीखतांमधल्या किमती. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये गट किंवा सर्व्हे नंबर टाकून सूची क्र. २ पाहता येते. तिसरा, जमीन आणि बांधकाम वेगळं धरून केलेला हिशेब. समजा प्लॉट १,२०० चौ. फूट आहे आणि भागातला दर २,००० रुपये, तर जमिनीचे २४ लाख. बांधकाम ९०० चौ. फूट, आज नव्याने बांधायला समजा १,७०० रुपये लागतात, तर १५.३ लाख. घर २० वर्षांचं म्हणून समजा ३० टक्के घसारा, राहिले १०.७ लाख. एकूण साधारण ३४.७ लाख. जुन्या घरात बहुतेक किंमत जमिनीची असते, हे या हिशेबातून दिसतं. म्हणून विकण्याआधी चार लाखांचं मॉड्युलर किचन बसवू नका, ते परत मिळत नाहीत.

जुनं धाब्याचं किंवा माळवदाचं घर असेल तर घेणारा ते पाडणारच असतो. मग अशा घराला फक्त जमिनीचा भाव मिळतो, आणि सागवानी खांब-तुळया, दारं-चौकटी यांचा वेगळा हिशेब होऊ शकतो. त्या कोणाच्या, हे सौदा पावतीत (बयाणा घेताना होणाऱ्या लेखी करारात) लिहा.

खरेदीखतातली किंमत मुद्दाम कमी दाखवायची सूचना तुम्हाला हमखास मिळेल. ती मानू नका. मुद्रांक शुल्क तर शासकीय मूल्य आणि प्रत्यक्ष किंमत यांतलं जे जास्त त्यावरच लागतं. शिवाय खरेदीखतातली किंमत शासकीय मूल्यापेक्षा इतकी खाली गेली की शासकीय मूल्य तिच्या ११० टक्क्यांच्या वर जातं, तर आयकर खातं शासकीय मूल्यच विक्री किंमत धरून तुमचा नफा काढतं. त्यातून रोखीचा भाग आला की तो तुमच्या घरात बेहिशेबी पैसा म्हणून बसतो. पुढचं घर घेताना तो दाखवता येत नाही.

५. एजंट नेमायचा तर

ओळखीचा आहे म्हणून तोंडी सांगून सोडू नका. एका पानाचं पत्र करा आणि त्यात पुढचं लिहा:

- दलालीचा दर, जीएसटी धरून की वेगळा
- दलाली कधी देय: खरेदीखत नोंदलं गेल्यावर, बयाण्यावर नाही
- मुदत, ६० किंवा ९० दिवस. त्यानंतर पत्र आपोआप संपेल.
- तुमच्या स्वतःच्या ओळखीतलं गिऱ्हाईक आलं तर दलाली नाही
- एका सौद्यात दोन-तीन एजंट असले तरी तुमच्या बाजूची एकूण दलाली ठरल्यापेक्षा जास्त होणार नाही

मुदत संपल्यावरही एजंटने आधी दाखवलेल्या गिऱ्हाईकानेच घर घेतलं, तर त्याची दलाली द्या. त्याला टाळून मागच्या दाराने सौदा करणं गावात लपत नाही आणि ते योग्यही नाही. तीही ओळ पत्रात असू द्या, म्हणजे वाद राहत नाही.

महारेरा (राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी आहे का ते विचारा. जुन्या स्वतंत्र घराच्या पुनर्विक्रीसाठी ती प्रत्येक वेळी कायद्याने लागतेच असं नाही. रेरात नोंदलेल्या प्रकल्पांत काम करणाऱ्या एजंटाला मात्र ती सक्तीची आहे. महारेराने एजंटांसाठी परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्रही आणलं आहे. नोंदणी क्रमांक असलेल्या माणसाची तक्रार करायला जागा असते, एवढा फायदा तरी आहेच.

आता सापळे. यातले तीन आपल्याकडे वारंवार दिसतात.

*"तुम्हाला चाळीस, वरचे माझे."* ऐकायला सोपं वाटतं. पण एजंट घर ४६ ला विकतो आणि खरेदीखतात कोणता आकडा येणार यावरून शेवटच्या दिवशी भांडण होतं. ४६ लिहिला तर त्यावरचा कर तुमच्या पॅनवर येतो. दर टक्क्यांतच ठरवा.

*सौदा पावती करून पलटी.* एजंट किंवा त्याचा माणूस स्वतःच्या नावाने थोडासा बयाणा देऊन सहा महिन्यांची सौदा पावती करतो. "खरेदी माझ्या किंवा मी सांगेन त्याच्या नावे" असं वाक्य त्यात घालतो. मग तो जास्त भावाचं गिऱ्हाईक शोधत बसतो. मिळालं तर फायदा त्याचा, नाही मिळालं तर तुमचं घर सहा महिने अडकलेलं. "मी सांगेन त्याच्या नावे" हे वाक्य असेल तर सही करू नका, आणि मुदत ६० दिवसांच्या वर देऊ नका.

*कुलमुखत्यारपत्र एजंटच्या नावे.* तुम्ही बाहेरगावी आहात म्हणून तो सुचवेल. देऊ नका. कुलमुखत्यारपत्र द्यायचंच तर भाऊ, मुलगा, मुलगी, बायको यांना द्या, ते नोंदणीकृत करा, आणि पैसे फक्त तुमच्याच खात्यात येतील अशी अट त्यात घाला.

मूळ कागद एजंटकडे ठेवू नका. झेरॉक्स द्या आणि प्रत्येक पानावर आडवं लिहा: "फक्त पाहण्यासाठी", तारीख, सही.

६. स्वतः विकायचं तर

फाटकावर ठळक बोर्ड लावा: "घर विकणे आहे", प्लॉटचं क्षेत्र, फोन नंबर. "मध्यस्थ क्षमस्व" लिहिलं तरी एजंट फोन करतील. त्यांच्याशी नीट बोला, पुढे गरज लागू शकते. स्थानिक दैनिकातली रविवारची छोटी जाहिरात, कॉलनीचे आणि समाजाचे व्हॉट्सअ‍ॅप गट, बँकेच्या, शाळेच्या आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांतल्या ओळखी यांतून बरीच चौकशी येते. किंमत जाहिरातीत लिहा. न लिहिल्यास निम्मे फोन फक्त किंमत विचारायला येतात.

उन्हाळ्यात घर सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर दाखवा. मे महिन्यात दुपारी गच्चीवर नेलेलं गिऱ्हाईक तापलेल्या स्लॅबवर दोन मिनिटंही थांबत नाही. पावसाळ्यात दाखवणार असाल तर गळती आधी दुरुस्त करा. नुसता रंग मारून ओल झाकली तर पंधरा दिवसांत पापुद्रे निघतात.

पहिला प्रश्न पाण्याचाच येणार: पाणी किती दिवसाआड येतं, किती वेळ येतं, खालची टाकी किती लिटरची, बोअर किती फूट आणि उन्हाळ्यात टिकतो का. खरी उत्तरं द्या, ती शेजारी सांगणारच आहेत. दुसरी शंका भिंतींच्या भेगांची असते. तापी-गिरणेच्या पट्ट्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया उथळ असलेल्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात. प्लास्टरची भेग आणि पाया खचल्याची भेग यांत फरक आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एकदा पाहणी करून लेखी अभिप्राय घ्या आणि गिऱ्हाईकाला दाखवा.

घरात एकट्या बाईमाणसाने किंवा वयस्कर माणसाने घर दाखवू नये. फोनवर नाव, गाव, नोकरी विचारून वेळ द्या आणि त्या वेळी घरात दोघं तरी असा.

७. गिऱ्हाईकाची ऐपत बयाण्याच्या आधी

बरेच सौदे भावावर मोडत नाहीत, कर्जावर मोडतात. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्यात धरला जात नाही. म्हणजे ४५ लाखांच्या घरावर जास्तीत जास्त ३६ लाख. गिऱ्हाईकाकडे स्वतःचे ९ लाख आणि वर मुद्रांक-नोंदणीचे ३ लाख, असे १२ लाख हवेत. आणि बँकेच्या मूल्यमापकाने घर ४० लाखांचंच धरलं तर ३२ च मिळतील. तेव्हा सरळ विचारा: कर्ज कोणत्या बँकेचं, मंजुरीपत्र आहे का, स्वतःचे किती? यात लाजण्यासारखं काही नाही.

केळीचा किंवा कापसाचा पैसा येणार, त्यावर सौदा करतो, असं कोणी म्हटलं तर हप्त्याच्या तारखा लिहून घ्या. पैसा खरा असतो, तारखा सरकतात.

८. सौदा पावती

वकिलाकडून करा. एजंटकडचा छापील नमुना भरू नका. ५ ते १० टक्के इसार (बयाणा) योग्य. त्यात हे असावंच: मिळकतीचं पूर्ण वर्णन चतुःसीमांसह, एकूण किंमत अक्षरी आणि आकड्यात, हप्ते आणि तारखा, खरेदीची शेवटची तारीख, कर्ज नामंजूर झालं तर इसाराचं काय, आणि घेणाऱ्याने विनाकारण माघार घेतली तर किती रक्कम जप्त.

इसार धनादेशाने किंवा आरटीजीएसने घ्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तितकाच दंड घेणाऱ्यावर म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्यावर, तुमच्यावर, येतो.

खरेदी होईपर्यंत किल्ली देऊ नका. "फक्त सामान ठेवतो", "आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वास्तुशांत उरकून घेतो" अशा विनंत्या येतील. ताबा गेला की उरलेल्या पैशांसाठी तुम्हाला फेऱ्या माराव्या लागतात. शिवाय साठेखतात (खरेदीखताआधीच्या विक्री करारात) ताबा दिल्याचं किंवा देण्याचं लिहिलं तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. ते पुढे खरेदीखतात वळतं होतं, पण तोवर घेणाऱ्याचे पैसे अडकतात आणि तुमचा हप्ता लांबतो.

मुहूर्त बघायचाच असेल तर उलटे दिवस मोजा. कर्ज मंजुरीला तीन-चार आठवडे, घेणाऱ्याच्या वकिलाच्या वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीला एक-दोन आठवडे. आखाजीला किंवा दसऱ्याला खरेदी हवी तर दोन महिने आधी सौदा व्हावा. पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही, ते दिवस कागदांसाठी वापरा. मूल्यदर तक्ते साधारणपणे १ एप्रिलला बदलतात, म्हणून मार्चअखेर नोंदणी कार्यालयात गर्दी असते.

९. नोंदणीचा दिवस

दुय्यम निबंधक कार्यालयात सगळे मालक मूळ आधार आणि पॅनसह हजर हवेत, सोबत ओळख पटवणारे दोन साक्षीदार. खरेदीखताचा मसुदा आदल्या दिवशीच शब्दन् शब्द वाचा: नावाचं स्पेलिंग, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, धनादेश क्रमांक. चुकीचा एक आकडा गेला तर चूकदुरुस्तीपत्र करायला सगळ्यांना पुन्हा यावं लागतं.

पैसे आधी, सही नंतर. घेणाऱ्याचा स्वतःचा हिस्सा आरटीजीएसने खात्यात आल्याचं पाहा. बँकेच्या कर्जाचा भाग बहुधा त्याच दिवशी डिमांड ड्राफ्टने किंवा नोंदणीनंतर लगेच येतो, तो कसा आणि किती दिवसांत येणार ते बँकेच्या मंजुरीपत्रात वाचा आणि खरेदीखतात लिहा. तुमच्यावरच कर्ज असेल तर घेणाऱ्याच्या पैशातून आधी तुमच्या बँकेचं खातं बंद होईल, अशी तिघांची लेखी व्यवस्था लागते. यात घाई करू नका.

किंमत किंवा शासकीय मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. तो तुमच्या पॅनवर भरला गेला का, हे नंतर तुमच्या आयकर खात्यात तपासा. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर कपात बरीच जास्त असते, त्यासाठी आधीच सीए गाठा.

१०. खरेदीनंतर

ताबा देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या आणि ताबा पावतीवर दोघांच्या सह्या. वीजजोडणी, घरपट्टी आणि नळजोडणी घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा, नाहीतर त्याची थकबाकी तुमच्या नावाने दिसत राहते.

करासाठी: घर २४ महिन्यांपेक्षा जास्त तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन. वारशाने आलं असेल तर आधीच्या मालकाचा काळही मोजला जातो आणि खरेदी किंमत त्याचीच धरली जाते. दर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाशिवाय, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे न वाढवता. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशेबही करून बघता येतो, जो कमी तो भरायचा. वडिलांनी २००१ च्या आधी घेतलेलं घर असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यमापकाचा अहवाल करून घ्या.

विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर वाचतो. दुसरा मार्ग सहा महिन्यांच्या आत ठराविक सरकारी रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवणूक. घर अजून ठरलं नसेल तर नफ्याची रक्कम बचत खात्यात पडू देऊ नका. आयकर विवरणपत्राच्या मुदतीआधी ती बँकेत "भांडवली नफा खाते योजने"त भरा, आणि खातं उघडायला जाताना खरेदीखताची प्रत व पॅन सोबत न्या.